शून्य बाइट्सची फाइल

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी लॅबमध्ये बसून मी माझा प्रोग्रॅम शेवटचा चालवला. हिशोब करायचा आणि जुन्या निकालांची फाइल पुसून तिच्यात नवे आकडे लिहायचे, एवढंच त्याचं काम. चाळीस मिनिटं तो चालला, मग पडद्यावर 'डन' असं छापलं आणि गप्प झाला. मी खुशीत चहा प्यायला खाली उतरलो. परत येऊन फाइल उघडली तर आत काहीच नाही. फाइलचं नाव जागेवर, तारीख आजची, वेळ दहा मिनिटांपूर्वीची, आकार शून्य बाइट. नवे आकडे नव्हतेच, जुनेही गेले होते.

लॅब असिस्टंट काकांना हाक मारली. त्यांनी त्यांच्या मशीनवर दोन कमांड दिल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "कोटा संपलाय तुझा. ब्राउझरचा कचरा काढ आधी."

"पण काका, मग एरर का नाही आली?"

"आली असेल की. तू विचारली नसशील."

हे उत्तर मला तेव्हा उडवाउडवीचं वाटलं. रात्रभर जागून आकडे पुन्हा काढले, सबमिशन झालं, विषय संपला. पुढे नोकरीला लागलो, सर्व्हर उभे करायचं काम अंगावर पडलं, तेव्हा समजलं की काकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. एरर आली होती, माझ्या प्रोग्रॅमच्या दारापर्यंत आली होती, आणि मी दार न उघडल्यामुळे परत गेली होती. असं का व्हावं, हे शोधताना मी मागे मागे जात राहिलो आणि थेट १९६२ सालात पोचलो.

आधी लॅबची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. लॅबमध्ये साठेक मशीन होती, पण एकाही विद्यार्थ्याची फाइल त्यातल्या कुठल्याच मशीनवर नसे. सगळ्या फायली आतल्या खोलीतल्या एका सर्व्हरवर. तुम्ही कुठल्याही मशीनवर बसा, लॉगिन करा, तुमचं 'घर' तिथे हजर. हे घर नेटवर्कवरून येतंय याची जाणीवही होत नसे. आणि प्रत्येकाच्या घराला हद्द घालून दिलेली: ४०० एमबीपर्यंत सुखाने राहा, ५०० एमबीच्या पुढे भिंत. म्हणजे व्यवस्था दोन: दूरवरची फाइल जवळची असल्यासारखी वापरू देणारी एक, आणि कुणी किती जागा अडवायची ते ठरवणारी दुसरी. मला वाटायचं या दोन्ही एकाच डोक्यातून निघाल्या असतील. तसं अजिबात नाही. त्या दोन वेगळ्या खंडांत, वेगळ्या माणसांनी, अगदी उलट गृहीतकं धरून बांधल्या, आणि नंतर त्यांचा संसार लावून दिला गेला.

हद्दीची गरज कॉम्प्युटर वाटून वापरायला लागल्यापासूनची आहे. एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने १९६१च्या नोव्हेंबरमध्ये 'सीटीएसएस' नावाच्या व्यवस्थेचं पहिलं प्रात्यक्षिक दाखवलं. एकाच मोठ्या मशीनला अनेक टर्मिनल जोडायची, आणि प्रत्येकाला वाटावं की मशीन आपल्या एकट्याचंच आहे. वाटून घ्यायचं म्हटलं की वाटणी आली. कुणाला किती वेळ मिळणार याचा कोटा ठरला, डिस्कवर किती जागा मिळणार याचाही. आपल्या फायली इतरांपासून राखायला पासवर्ड आले. कॉम्प्युटरमध्ये पासवर्डचा वापर इथूनच सुरू झाला असं सहसा मानतात.

आणि वाटणी आली तशी पळवाटही लगेच आली. अ‍ॅलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे. त्याच्या प्रबंधाला ते पुरेनात. या व्यवस्थेत पंचकार्ड देऊन एखादी फाइल छापून मागवायची सोय होती. शेरने १९६२ साली एका शुक्रवारी रात्री पासवर्डचीच फाइल छापायची विनंती टाकली आणि शनिवारी पहाटे जाऊन कागद उचलून आणला. मग ज्याच्या नावावर वेळ शिल्लक असेल त्याच्या नावाने काम. ही पासवर्ड चोरीची बहुधा पहिली नोंदलेली घटना, आणि तिचं कारण हेरगिरी नव्हतं, पैसा नव्हता. त्याला फक्त कोटा पुरत नव्हता! इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: कोटा 'माणसाला' दिलेला असतो असं आपण म्हणतो, पण मशीनला माणूस दिसत नाही, नाव दिसतं. नाव बदललं की कोटा बदलला.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी यूनिक्स सुरू केलं तेव्हा मात्र जागेच्या हद्दीची भानगडच ठेवली नाही. कारण साधं आहे. ते मशीन मोजक्या सहकाऱ्यांचं होतं. डिस्क भरली की शेजारच्या खोलीत जाऊन 'बाबा रे, तुझ्या फायली काढ' म्हणायचं. घरातल्या फ्रीजला कोटा लावत नाहीत, तसं. रिचीने यूनिक्सच्या सुरक्षेवर जे छोटं टिपण लिहिलं, त्यात त्याने स्वतःच ही बाजू लंगडी असल्याचं मान्य केलंय. एखाद्याने फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर असं करत राहणाऱ्या दोन-तीन ओळी लिहिल्या, तर डिस्क तुडुंब होऊन सगळ्यांचंच काम ठप्प होईल, हे तो उदाहरणासकट सांगतो. तरीही दुरुस्ती नाही. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे ती कुणाला करावीशी वाटत नसणार.

यूनिक्स विद्यापीठांत गेलं आणि चित्र पालटलं. तिथे एका मशीनवर शेकडो विद्यार्थी. दर वर्षी नवे, अनोळखी आणि सबमिशनच्या आठवड्यात सगळे एकदम आलेले. त्यामुळे यूनिक्समधली जागेची हद्द कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत जन्मली नाही, ऑस्ट्रेलियात जन्मली, याचं मला आता नवल वाटत नाही. सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात आणि सिडनी विद्यापीठात सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एक प्राथमिक योजना चालू होती. फायलींची संख्या आणि जागा यांना मिळून एकच मर्यादा. पुढे मेलबर्न विद्यापीठात रॉबर्ट एल्झ यांनी आपली व्यवस्था लिहिली. तिची सुधारलेली आवृत्ती जानेवारी १९८२ पासून मेलबर्नला चालू होती, आणि १९८३ मध्ये बर्कलीच्या '४.२ बीएसडी' या यूनिक्समधून ती जगभर गेली. एल्झ यांचं त्यावरचं टिपण बीएसडीच्या मॅन्युअलमध्ये आहे. शीर्षकात डिस्कचं स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीने 'सी' लावून केलेलं. अमेरिकन मॅन्युअलमध्ये ते एकटंच तसं बसलेलं पाहून मला मजा वाटते. हेच एल्झ पुढे ऑस्ट्रेलियाच्या 'डॉट एयू' या इंटरनेट पत्त्यांचा कारभार वर्षानुवर्षं सांभाळत होते, हे जाता जाता.

एल्झ यांच्या रचनेत माणसाच्या स्वभावाची चांगली जाण दिसते. मर्यादा एक नाही, दोन. एक नरम, एक कडक. नरम मर्यादा ओलांडली तरी काम थांबत नाही. फक्त तुमच्या टर्मिनलवर सूचना छापली जाते. कडक मर्यादेला मात्र लेखन जागच्या जागी नाकारलं जातं. यामागची कल्पना अशी की काम करताना माणसाला तात्पुरती जास्त जागा लागणारच, ती वापरू द्यावी. उठून जाताना त्याने पसारा आवरावा. आवरला नाही तर पुढच्या लॉगिनला पुन्हा आठवण. आणि अनेकदा सांगूनही ऐकलं नाही तर नरम मर्यादाच कडक करून टाकायची. शाळेतल्या एखाद्या समंजस मास्तरांची पद्धत वाटते ही. आधी सांगून पाहतील, पुन्हा सांगतील, मग छडी.

दुसरी गंमत मालकीची. यूनिक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक असतो, आणि फाइल ज्याच्या नावावर त्याच्या कोट्यात ती मोजली जाते. मग फाइलची मालकी दुसऱ्याच्या नावावर करून दिली तर? एल्झ यांनी लिहून ठेवलंय की त्यांच्या आधीच्या मेलबर्नच्या व्यवस्थेत मालकी बदलली तरी कोट्याचा हिशोब बदलत नसे. नव्या व्यवस्थेत तो बदलू लागला, आणि लगेच दुसरी पळवाट उघडली: आपली जड फाइल गुपचूप दुसऱ्याच्या नावावर करायची, आणि वापरायची आपणच. आपल्याकडे १९६१ साली कमाल जमीन धारणेचा कायदा आला तेव्हा सातबारावर मेहुण्यापाहुण्यांची नावं कशी चढली, याच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. अगदी तेच. बर्कलीच्या यूनिक्सने यावर सरळ उपाय केला: मालकी बदलायचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या कारभाऱ्याला. एटी अँड टीच्या 'सिस्टिम फाइव्ह' यूनिक्सने मात्र आपली फाइल दुसऱ्याला देऊन टाकायची मुभा ठेवली. आज लिनक्सवर तुम्ही स्वतःची फाइल मित्राच्या नावावर करायला गेलात तर परवानगी नाकारली जाते. 'माझीच फाइल, मग मला का देता येऊ नये?' असं मी एकदा वैतागून विचारलं होतं. त्याचं एक मोठं कारण हा कोटा आहे.

एल्झ यांच्या सगळ्या मांडणीत एक गोष्ट न सांगता गृहीत धरली आहे, ती पुढे महत्त्वाची ठरते. फाइल, डिस्क, प्रोग्रॅम आणि माणसाचं टर्मिनल हे सगळं एकाच मशीनला जोडलेलं आहे. मशीनला ठाऊक आहे की अमका लॉगिन होऊन बसलाय, म्हणून त्याच्या टर्मिनलवर छापता येतं. त्याने किती वेळा लॉगिन केलं तेही मोजता येतं.

आता दुसरी व्यवस्था. दूरच्या मशीनवरची फाइल हवी तर पहिला मार्ग म्हणजे ती उचलून आणायची. याचे नियम पहिल्यांदा कागदावर मांडले ते अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, १९६५चे पदवीधर, मग एमआयटी. एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी 'आरएफसी ११४' लिहिलं. एफटीपी म्हणून आपण जे ओळखतो त्याचा तो आरंभ. एफटीपीत कोट्याची अडचण फारशी होत नाही, कारण पाठवणं ही स्वतंत्र, ठळक क्रिया आहे. तुम्ही 'पाठव' म्हणता, पलीकडचा 'पोचली' किंवा 'जागा नाही' म्हणतो. माणसाला कळतं की आपण दुसऱ्याच्या दारात उभे आहोत.

दुसरा मार्ग म्हणजे हे दारच दिसू द्यायचं नाही. १९८२ मध्ये बेक्टोल्सहाइम, खोसला, मॅकनीली आणि जॉय यांनी सन मायक्रोसिस्टिम्स काढली. त्यांचा माल म्हणजे टेबलावरची वर्कस्टेशन्स. डिस्क तेव्हा महाग, म्हणून बिनडिस्कची वर्कस्टेशन्स विकायची आणि फायली नेटवर्कवरून पुरवायच्या. आधी सनने 'नेटवर्क डिस्क' नावाचा एक प्रकार वापरला, त्यात डिस्कचे कच्चे तुकडे नेटवर्कवरून जात. १९८४ मध्ये नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएसचं काम सुरू झालं आणि १९८५च्या उन्हाळ्यात पोर्टलंडच्या युझनिक्स परिषदेत सँडबर्ग, गोल्डबर्ग, क्लायमन, वॉल्श आणि लायन यांनी त्यावरचा निबंध वाचला. तो आजही वाचण्यासारखा आहे. कुठे फुशारकी नाही, उद्दिष्टंही मोजकी. साध्या प्रोग्रॅमला फाइल दूरची आहे हे कळूही नये, आणि वेग निदान स्थानिक डिस्कच्या ८० टक्के असावा.

या मंडळींनी घेतलेला सगळ्यात धाडसी निर्णय म्हणजे सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचं नाही. कोण आलं, कुणी कुठली फाइल उघडली, कुठपर्यंत वाचली, काही नाही. प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण: 'अमक्या फाइलचे अमक्या जागेपासून इतके बाइट द्या.' उघडणं आणि बंद करणं या क्रियाच सर्व्हरच्या भाषेत नाहीत. कारण सर्व्हर कोसळणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. सर्व्हरला काही आठवतच नसेल, तर कोसळून उठल्यावर विसरण्यासारखंही काही राहत नाही. ग्राहक मशीनने फक्त उत्तर येईपर्यंत तीच विनंती पुन्हा पुन्हा करायची. लॅबमध्ये अधूनमधून सगळे पडदे एकदम गोठायचे आणि 'सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे' असं यायचं, तेव्हा आम्ही शिव्या घालायचो. खरं तर काका सर्व्हर पुन्हा चालू करायचे आणि आमची अर्धी टाइप केलेली ओळ जिथल्या तिथे पुढे सरकायची. इतक्या साध्या युक्तीतून एवढं मिळतं, हे समजलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली होती.

आणि मग या विसरभोळ्या सर्व्हरच्या डिस्कवर एल्झ यांचा कोटा लावला गेला.

काय काय बिघडलं पाहा. नरम मर्यादा ओलांडली, सूचना छापायची. कुठे? सर्व्हरला टर्मिनल ठाऊक नाही. माणूस दुसऱ्याच मशीनवर बसलाय. किती वेळा लॉगिन केलं ते मोजायचं? सर्व्हरवर कुणी लॉगिन करतच नाही. पुढच्या काळात लॉगिन मोजण्याऐवजी दिवस मोजायची पद्धत आली: नरम मर्यादा ओलांडल्यापासून ठरावीक मुदत, बहुतेक ठिकाणी सात दिवस, मग नरम तीच कडक. तिच्यामागे नेटवर्कवरच्या या घरांचाही हात असावा असा माझा अंदाज आहे. स्वतःचा उरलेला कोटा विचारायला एनएफएसच्या शेजारी एक वेगळा छोटा सेवक बसवावा लागला. पण तो विचारल्याशिवाय बोलत नाही. मास्तर गेले, छडी तेवढी उरली.

नावांचा प्रश्नही परत आला. सुरुवातीच्या एनएफएसमध्ये ग्राहक मशीन सांगेल तो माणूस खरा. विनंतीसोबत एक क्रमांक जायचा, 'मी वापरकर्ता क्रमांक अमुक', आणि सर्व्हर मान डोलवायचा. ज्याच्या हातात एखाद्या वर्कस्टेशनचा रूट आहे तो कुणाचाही क्रमांक लावून त्याच्या कोट्यात फायली ओतू शकत होता. अ‍ॅलन शेरला निदान छापील कागद उचलायला पहाटे जावं लागलं होतं. खुद्द रूटवर मात्र सर्व्हर विश्वास ठेवत नसे. दूरच्या रूटला तो 'नोबडी', म्हणजे कुणीच नाही, असं समजायचा.

आणखी एक उपद्रव लॅबमध्ये सगळ्यांनी पाहिलेला, पण अर्थ कुणालाच ठाऊक नसलेला. यूनिक्समध्ये उघडी फाइल पुसली तरी ती उघडणाऱ्या प्रोग्रॅमला शेवटपर्यंत वापरता येते. सर्व्हरला तर उघडी फाइल ही कल्पनाच माहीत नाही. तो पुसून मोकळा होईल. म्हणून ग्राहक मशीन लबाडी करतं: फाइल पुसत नाही, तिला डॉट आणि 'एनएफएस'ने सुरू होणारं एक लांबलचक नाव देऊन लपवतं, आणि प्रोग्रॅम संपला की खरी पुसतं. मधेच मशीनचं बटण बंद केलं तर? ते लपलेलं भूत तुमच्या घरात राहतं आणि तुमच्या कोट्यात मोजलं जातं. आमच्या लॅबमध्ये मशीन बटण दाबूनच बंद करायची रीत होती.

आता माझी फाइल. वेगासाठी ग्राहक मशीन लेखन लगेच सर्व्हरकडे पाठवत नाही. प्रोग्रॅम म्हणतो 'हे लिही', मशीन आपल्या मेमरीत टिपून घेतं आणि म्हणतं 'लिहिलं'. खरी पाठवणी मागाहून. सर्व्हरने नकार दिला तर प्रोग्रॅम तोवर पुढे गेलेला असतो. एनएफएसच्या नियमावलीत कोटा संपल्याचा नकार व्यवस्थित नोंदलेला आहे, त्याचा क्रमांक ६९. पण तो प्रोग्रॅमला सांगायची हक्काची जागा एकच उरते: फाइल बंद करताना. आणि फाइल बंद करताना उत्तर तपासायची सवय कुणालाच नसते. दार ओढून घेताना दाराने काही सांगावं अशी आपली अपेक्षाच नसते. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये 'क्लोज'च्या पानावर स्पष्ट बजावलंय की उत्तर तपासलं नाही तर माहिती गुपचूप हरवू शकते, आणि विशेषतः एनएफएस व कोटा असताना असं घडतं. ते पान मी पदवीनंतर दोन वर्षांनी पहिल्यांदा वाचलं.

त्या संध्याकाळचा हिशोब आता मांडता येतो. ब्राउझर आपला कचरा माझ्या घरात साठवत होता, त्यामुळे मी ४४० एमबीवर होतो. नरम मर्यादा ४००. आठवडाभर मला काहीच सांगितलं गेलं नाही, कारण सांगायला टर्मिनल नव्हतं. आम्ही चित्रमय पडद्यावरून लॉगिन करायचो. सात दिवसांची मुदत त्याच दिवशी दुपारी संपली. प्रोग्रॅमने आधी जुनी १२ एमबीची फाइल पुसून शून्य केली. जागा कमी करायला कोटा कधीच आडवा येत नाही. उरले ४२८, म्हणजे अजूनही नरम मर्यादेच्या वर, आणि मुदत संपल्यामुळे आता एक बाइटही वाढवायची परवानगी नाही. लेखन मेमरीत झालं, सर्व्हरने नकार दिला, फाइल बंद करताना नकार सांगितला गेला, मी तो विचारला नाही, आणि पुढच्या ओळीत 'डन' छापलं.

हे असंच व्हायला हवं होतं का? त्याच काळात पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात दुसरा डाव मांडला जात होता. विद्यापीठ आणि आयबीएम यांनी मिळून १९८२ मध्ये 'अँड्र्यू' प्रकल्प सुरू केला. नाव अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या दोन्ही देणगीदारांवरून. त्यातल्या फाइल व्यवस्थेचे, एएफएसचे, एक प्रमुख रचनाकार महादेव सत्यनारायणन, आयआयटी मद्रासचे. इथे हिशोब पाच हजारांवर वर्कस्टेशन्सचा होता, आणि निर्णय जवळपास सगळे सनच्या उलट. फाइल उघडली की ती पूर्णच्या पूर्ण तुमच्या मशीनवर येते; बंद केली की बदललेली फाइल परत जाते. कुणाकडे कुठली प्रत आहे हे सर्व्हर लक्षात ठेवतो आणि ती बदलली तर कळवायचं वचन देतो. माणसाची ओळख ग्राहक मशीनच्या शब्दावर मानली जात नाही, तिचा वेगळा पुरावा लागतो. आणि कोटा माणसाला नाही, 'व्हॉल्यूम'ला, म्हणजे फायलींच्या एका गाठोड्याला. गाठोड्यात कुणीही फाइल टाकली तरी ती त्या गाठोड्याच्याच हद्दीत. मालकी बदलायच्या पळवाटेला इथे अर्थच उरत नाही.

बंद करताना तपासायला हवं हे एएफएसमध्येही आहेच, किंबहुना जास्तच. पण तिथे बंद करणं हीच पाठवणी आहे असं उघड सांगितलेलं आहे. सनने दार लपवलं, अँड्र्यूने दाखवलं. मला विचाराल तर रचना अँड्र्यूची सरस. पण एनएफएसचे नियम सनने सगळ्यांना खुले करून दिले, उभारायलाही ते सोपं, आणि दुपारच्या जेवणापर्यंत चालू होणारी गोष्ट बहुतेक वेळा जिंकते. आमच्या लॅबमध्ये एनएफएस होतं. मी आज ऑफिसात जे सर्व्हर उभे करतो, त्यातही बहुतांशी तेच.

मधल्या काळात वाटलं होतं की हद्द ही गोष्टच संपेल. हॉटमेल २ एमबी जागा द्यायचं तेव्हा, १ एप्रिल २००४ ला, गुगलने १ जीबीची जीमेल जाहीर केली आणि अनेकांना तो एप्रिल फूल वाटला. आमची पिढी त्याच हवेत वाढली. फोटो पुसायचे असतात हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. मग १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद साठवण बंद झाली, आणि विद्यापीठांना दिलेली अमर्याद जागाही २०२२ पासून संस्थेमागे १०० टीबीपासून सुरू होणाऱ्या सामाईक कोट्यात आली. माझ्या आईच्या फोनवर 'स्टोरेज फुल'ची पिवळी पट्टी आहे. ती पट्टी म्हणजे एल्झ यांची नरम मर्यादाच. आई म्हणते, "हे रोजच सांगतंय, काही होत नाही." निदान सांगतंय तरी, असं मी म्हणतो.

गेल्या महिन्यात टीमसाठी नवा सर्व्हर लावला. फायली एनएफएसवर, प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरला हद्द, आणि नरम मर्यादा ओलांडली की त्या माणसाला चॅटवर निरोप जाईल अशी छोटी स्क्रिप्ट. तिसऱ्याच दिवशी नुकतीच रुजू झालेली एक ज्युनियर माझ्या टेबलाशी आली. "दादा, रात्रभर जॉब चालला, शेवटी 'सक्सेस' आलंय, पण फाइल रिकामी आहे." चॅटवरचा निरोप तिने म्यूट करून ठेवला होता. मी खुर्ची सरकवली, तिचा कोड उघडला आणि फाइल बंद करायची ओळ शोधायला लागलो.